आर्डिस टॉलेफसनचा दहावा माणूस

आर्डिस टॉलेफसन गेली तेव्हा चर्चच्या तळघरातल्या जेवणाला इतकी माणसं आली की हॅमची दुसरी परात काढावी लागली. पाद्रीसाहेबांनी भाषणात तिला 'लोकशाहीची मूक सेविका' म्हटलं. मूक म्हणे. जिने छत्तीस वर्षं गावातल्या घराघरात फोन करून माणसांना सभेला ओढून आणलं, ती बाई मूक. पाद्री नवे आहेत, मिनेसोटाहून आलेत, त्यांचा दोष नाही. पण बटाट्याचं सॅलड खाता खाता माझ्या मनात आलं, हिच्याबद्दल खरं काय ते कोणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि खरं माहीत असलेला आता मी एकटाच उरलोय. त्यात माझीही शोभा होणार आहे. होऊ दे.

मी डेल्मर क्राउस. आयोवातल्या आमच्या स्टोनी फोर्ड गावच्या सहकारी धान्यकोठारावर एकतीस वर्षं वजनकाट्याला होतो. ट्रक भरून मका आणणाऱ्याला बरोबर वजन सांगायचं, एवढंच माझं काम. ते मी चोख केलं, हे कोणीही सांगेल. इतर ठिकाणी मात्र माझा काटा हलका होता.

आर्डिस अठराव्या वर्षी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. तेव्हा फोन उचलला की आधी आर्डिस यायची, मग ज्याच्याशी बोलायचं तो माणूस. कोणाचं कोणाशी वाजलंय, कोणाच्या घरी डॉक्टर येऊन गेला, सगळं तिला ठाऊक. पण तिच्या तोंडून कधी एक शब्द बाहेर पडला नाही. माझी आई म्हणायची, "आर्डिसच्या पोटात निम्मं गाव आहे, पण ढेकर म्हणून नाही." पुढे डायलचे फोन आले आणि तिची नोकरी गेली. डोक्यातले नंबर तेवढे राहिले.

आमच्याकडे पक्ष कोणी निवडत नसे. तो जमिनीबरोबर बापाकडून यायचा. नॉर्वेहून आलेली घरं यादवी युद्धापासून रिपब्लिकन. गुलामगिरी मोडणारा पक्ष तो आपला, विषय संपला. मग मधल्या शंभर वर्षांत पक्ष कुठल्या कुठे का जाईना. आर्डिसचा बाप मात्र बत्तीस सालच्या मंदीत फिरला. मका इतका कवडीमोल झाला होता की लोक कोळशाऐवजी कणसं जाळून घर तापवत होते. त्याने डेमोक्रॅटला मत दिलं आणि तसं उघड सांगितलं. नंतर कितीतरी रविवार चर्चमध्ये त्याच्या बाकावर शेजारी कोणी बसेना.

अशा घरातली मुलगी कर्मिट टॉलेफसनने बायको करून आणली. टॉलेफसन म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचे कट्टर रिपब्लिकन. कर्मिटच्या पणजोबांच्या युद्धातल्या टोपीला अजून घरात काचेची पेटी होती. कर्मिटकडे चाळीसेक दुभत्या गाई. माणूस अबोल. दिवसभरात जे काय बोलायचा त्यातलं निम्मं गाईंशी. निवडणुकीच्या दिवशी दोघं एकाच पिकअपमधून मतदानाला यायची. मी एकदा विचारलं, "कर्मिट, तुझं मत तिचं मत खातं, तिचं तुझं खातं. मग दोघं घरीच का बसत नाही? पेट्रोल तरी वाचेल."

तो म्हणाला, "घरी बसलो तर ती पाठच्या दाराने जाऊन टाकून येईल."

"विश्वास नाही वाटतं बायकोवर?"

"विश्वास आहे म्हणूनच सांगतोय."

आर्डिस बाजूला उभी होती. ती हसली नाही, पण तिने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली.

आता कॉकसबद्दल सांगायला हवं. बाहेरगावच्या पत्रकारांना हे समजावता समजावता माझी जीभ झिजली, पण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने उमेदवार कोण द्यायचा, हे ठरवायला आमच्याकडे मतपेटी नव्हती आणि पडदाही नव्हता. भर थंडीत एका संध्याकाळी शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये जमायचं आणि जो उमेदवार पसंत त्याच्या कोपऱ्यात, सगळ्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, जाऊन उभं राहायचं. सभेचा अध्यक्ष एकेकाला मोजणार. शंभरात पंधरा माणसं ज्या कोपऱ्यात जमली नाहीत तो कोपरा मोडला. मग त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर दुसरीकडून माणसं ओढून आणायची. त्याला अर्धा तास मिळायचा. त्या अर्ध्या तासात मी सख्खे भाऊ एकमेकांना हाताला धरून ओढताना पाहिलेत. तुमचा बँकवाला, तुमचा डॉक्टर, तुमची सासू, सगळे बघत असतात तुम्ही कुठे उभे राहता ते. रिपब्लिकनांचं बरं होतं. ते त्याच संध्याकाळी वाचनालयात जमायचे, चिठ्ठ्या टाकायचे, पाई खायचे आणि घरी जायचे.

ही सभा तशी जुनीच, पण तिला कोणी कुत्रं विचारत नसे. अडुसष्ट साली शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी पोरांची डोकी फोडली, सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं, आणि पक्षाला जाग आली की उमेदवार बंद खोलीत ठरवणं आता चालायचं नाही. नवे नियम झाले, प्रत्येक पायरीला मुदत ठरली. राजधानीतल्या कार्यालयात कागद छापायचं यंत्र जुनं आणि मंद, सगळे कागद वेळेत निघावेत म्हणून आमच्या सभा जानेवारीत ओढल्या, असं सांगतात. अशा रीतीने आम्ही देशात पहिले झालो. आणि पहिला म्हटल्यावर सगळे आले. पुढच्या वीस वर्षांत निम्मे सिनेटर आमच्या कॅफेत पातळ कॉफी पिऊन "वा, छान आहे" म्हणून गेले. माझ्या वजनकाट्यावर तिघांनी उभं राहून फोटो काढले. मी तिघांची वजनं टिपून घेतली. सगळ्यात जड होता तो सगळ्यात आधी बाद झाला.

बहात्तर सालापासून आमच्या प्रभागाची अध्यक्ष आर्डिस. दुसरं कोणी तयारच नव्हतं. मी चिटणीस, कारण माझं अक्षर बरं. सभेच्या तीन आठवडे आधी काउंटीकडून पक्षाच्या नोंदलेल्या सभासदांची यादी यायची, दोनशे-सव्वादोनशे नावं. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेकाला फोन करायची. पत्रक नाही, पाटी नाही. "मी आर्डिस. सोमवारी ये. तू कोणाच्या बाजूने आहेस त्याच्याशी मला घेणं नाही. तू ये." एवढंच. वर्षानुवर्षं न आलेल्यालाही फोन. मी म्हणायचो, "अगं, तो वेटरलूच्या इस्पितळात पडलाय, त्याला कशाला?" ती म्हणायची, "विचारलं नाही असं त्याला वाटायला नको."

या बाईला आयुष्यात एकच हौस होती. बावन्न साली शेजाऱ्यांच्या घरी नवा टीव्ही आला तेव्हा तिने पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन पहिल्यांदा पाहिलं. हजारो माणसं, राज्यांच्या नावांच्या उंच पाट्या, एकेक राज्य पुकारलं की कोणीतरी उठून अभिमानाने आपले आकडे सांगायचं. तेव्हापासून तिला त्या आयोवाच्या पाटीखाली एकदा बसायचं होतं. तिथवर जायचं तर आधी प्रभागातून काउंटीला निवडून जायचं, मग जिल्ह्याला, मग राज्याला. दर चार वर्षांनी ती निघायची आणि दर वेळी कोणीतरी म्हणायचं, "आर्डिस, या खेपेला त्या शिक्षकाला जाऊ दे ना," "या खेपेला कोणी तरुण हवं." ती जाऊ द्यायची. आमच्याकडे स्वतःसाठी काही मागणं म्हणजे चारचौघांत ताटातलं शेवटचं बिस्किट उचलण्यासारखं. ते कोणी उचलत नाही. ते तिथेच वाळतं.

चौऱ्याऐंशी साली तिने पहिल्यांदा ते उचलायचं ठरवलं. कुठल्याशा लांबच्या राज्याचा एक सिनेटर होता. नाव सांगून उपयोग नाही, आता त्याच्या गावातही कोणाला आठवत नसेल. आमच्याकडे आला तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये सातच माणसं होती, तरी तो तासभर बोलला आणि जाताना खुर्च्या घड्या करायला थांबला. आर्डिसला तेवढं पुरलं. जिल्ह्याच्या अध्यक्षाने तिला शब्द दिला होता: तुझ्या प्रभागातून त्याच्या नावाचा एक प्रतिनिधी तेवढा काढ, पुढे पार अधिवेशनापर्यंत तुझं नाव मी लावून धरतो. त्या वर्षी अधिवेशन सॅन फ्रान्सिस्कोला होतं. आर्डिस तेव्हा पंचावन्न वर्षांची होती आणि तिने समुद्र पाहिलेला नव्हता.

सभेच्या संध्याकाळी मी दारातल्या टेबलावर नावं लिहून घेत होतो. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. गर्दी ओसरत आली आणि समोर कर्मिट उभा राहिला. टोपी हातात, अंगाला गोठ्याचा वास. गाई लवकर दोहून आला होता, एरवी ही त्याची धारेची वेळ.

मी म्हटलं, "वाचनालय पलीकडच्या गल्लीत, कर्मिट. विसरलास?"

"या वर्षी तिथे निवडायचं काय? आमचाच बसलाय गादीवर."

"मग बायकोला न्यायला आलास? अजून दोन तास आहेत."

"कागद दे."

"कसला कागद?"

"पक्ष बदलायचा असतो तो."

टॉलेफसन घराण्याचा माणूस, पणजोबांची टोपी काचेच्या पेटीत, आणि डेमोक्रॅट म्हणून सही करतोय. म्हटलं, "तुझ्या बापाला थडग्यात कूस बदलावी लागेल."

"तो तसाही डाव्या कुशीवर झोपायचा," कर्मिट म्हणाला आणि सही करून आत गेला. तो वर बाकांवर एकटाच जाऊन बसला. सगळ्यांना वाटलं, बायकोची वाट बघतोय. आर्डिस समोर खुर्च्या मोजत होती, तिने हे काही पाहिलं नव्हतं.

पहिली मोजणी झाली. आमच्या कोपऱ्यात एकतीस. आम्ही कामगार संघटनांचा पाठिंबा असलेल्या उमेदवाराचे, सगळ्यात मोठं नाव. समोरच्या कोपऱ्यात एकवीस. आणि आर्डिसच्या कोपऱ्यात, तिला धरून, नऊ. एवढ्या माणसांचे पंधरा टक्के म्हणजे नऊ आणि वर थोडं, आणि नियमाने वरचा आकडा धरायचा. दहा हवे होते. एक माणूस कमी.

अर्धा तास सुरू झाला. आम्ही त्या नऊ जणांवर तुटून पडलो. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई त्यांच्यात होती. तिला मी सांगितलं, "तुमचा माणूस पुढच्या आठवड्यात बाद होणार. मेलेल्या घोड्यावर कशाला बसता?" तिने माझ्याकडे पाठ केली. आर्डिस कोणाकडे गेली नाही. अध्यक्षाने फिरून माणसं मागायची हे तिला पटत नव्हतं. ती आपल्या कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती आणि तिची मान लाल झाली होती.

शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा कर्मिट बाकांवरून उतरला. रबरी बुटांचा आवाज करत सगळा हॉल ओलांडून आला आणि ऑर्गनवाल्या बाईच्या शेजारी उभा राहिला. दहावा.

आणि मी बोललो. चाळीस वर्षं झाली, माझे शब्द मला तसेच्या तसे आठवतात. मी म्हटलं, "अध्यक्षबाई, गोठ्यातून आणखी कोणी यायचं असेल तर आम्ही थांबतो."

सगळे हसले. दोन्ही कोपरे हसले. हसू मिळालं की मला थांबता येत नाही, हा माझा जुना रोग. मी पुढे म्हटलं, "नाहीतर आधी विचारा तरी, हा आपल्या पक्षाचा आहे का ते."

आता माझं पाप सांगतो. नियमांची पुस्तिका माझ्याच कोपराखाली होती. दारात सही केली की तो माणूस पक्षाचा, त्याच्या मनात काय आहे हे विचारायचा अधिकार कोणालाही नाही, असं पान नऊवर स्वच्छ लिहिलं होतं. कर्मिटची सही मी स्वतः घेतली होती. आणि तिचा कोपरा मोडला तर त्यांचा प्रतिनिधी आमच्याकडे येणार होता, हेही मला कळत होतं. हे सगळं ठाऊक असून मी तोंड उघडलं.

आर्डिस पुढे आली. हातातली पेन्सिल तिने कानामागे खोचली आणि स्वतःच्या नवऱ्याला, ज्याच्याबरोबर तिने चौतीस वर्षं एका टेबलाशी नाश्ता केला होता त्याला, परक्या माणसासारखं विचारलं, "कर्मिट टॉलेफसन, तुम्ही डेमोक्रॅट आहात का?"

खोटं बोलला असता तर सगळं सुटलं असतं. पण तो टॉलेफसन. म्हणाला, "नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मग इथे का उभे आहात?"

"तुला दहा हवे होते," तो म्हणाला. "कागद भरलाय मी. डेल्मरला विचार."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचं सोंग केलं. फार तर तीन सेकंदं गेली असतील. मग ती वळून म्हणाली, "मग मला तुम्हाला मोजता येणार नाही."

कर्मिटने मान हलवली, टोपी घातली आणि तो बाहेर गेला. आर्डिसने पुन्हा मोजलं. "नऊ," ती मोठ्याने म्हणाली, आवाज अगदी स्थिर. कोपरा मोडला. त्या नऊ जणांतले काही आमच्याकडे आले, काही समोर गेले, आणि हिशोबाने एक जादा प्रतिनिधी आमच्या वाट्याला आला. तो प्रतिनिधी मी. मी काउंटीच्या अधिवेशनाला गेलो, दिवसभर खुर्चीत बसलो, एक सँडविच खाल्लं आणि घरी आलो. पुढे मला कोणी पाठवलं नाही आणि मलाही जायचं नव्हतं. एवढ्यासाठी केलं मी ते.

सभा संपवून, कागद सहीशिक्क्यानिशी पाकिटात घालून आर्डिस बाहेर आली तेव्हा कर्मिट इंजिन चालू ठेवून पिकअपमध्ये बसला होता. सगळा वेळ तिथेच. त्याने आतून दार उघडलं, ती बसली, दोघं गेली. मला वाटलं, दोन दिवस धुसफूस होईल आणि विसरतील. नवरा-बायकोचं काय, रात्री भांडण, सकाळी कॉफी.

गावाने तिचं केवढं कौतुक केलं. सख्ख्या नवऱ्याला मोजलं नाही, असा अध्यक्ष पाहिजे. काउंटीच्या पक्षाने तिला पितळी पाटी दिली. कर्मिटच्या वाट्याला दुसरंच आलं. मंगळवारी सकाळी कॅफेत त्याचं रिपब्लिकन टोळकं बसायचं. त्यांनी त्याच्या खुर्चीवर गाढवाचं चित्र चिकटवलं, गाढव हे आमच्या पक्षाचं चिन्ह म्हणून. "या या डेमोक्रॅट, बायकोने मोजलं का आज?" कर्मिटने चित्र सोडवून उलटं केलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पत्त्यांच्या डावाचे गुण लिहिले आणि कॉफी प्यायला. मी शेजारच्या टेबलावर होतो. मीही हसलो. एकदा हसायला लागलो की मी कोणाचाही.

चार वर्षांनी अठ्ठ्याऐंशीत रिपब्लिकनांकडे मोठी चुरस होती. वाचनालय फुटेस्तोवर भरलं, पण कर्मिट तिथे गेला नाही. आर्डिस एकटीच पिकअप चालवत शाळेत आली. मी विचारलं, "कर्मिट?" ती म्हणाली, "गाई आहेत." मी पुढे विचारलं नाही. एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये सकाळची धार काढताना कर्मिट गोठ्यात पडला तो उठलाच नाही. आर्डिसने गाई विकल्या. अध्यक्षपद आणखी सतरा वर्षं चालवलं. अधिवेशनाचं नाव मात्र तिने पुन्हा काढलं नाही. दोन हजार साली जिल्ह्याच्या लोकांनी आपणहून विचारलं, तेव्हा म्हणाली, "मला गर्दी सोसत नाही." ऍरिझोनात राहणाऱ्या तिच्या मुलीने समुद्र दाखवायला नेते म्हटलं, तर तिथेही गेली नाही.

दोन हजार वीसची सभा झाली आणि आकडे लागता लागेनात. कितीतरी दिवस सगळा देश आम्हाला हसत होता. नंतर पक्षाने आमचा पहिला मान काढूनच घेतला. आता सगळं टपालाने होतं, कोपऱ्यात कोणी उभं राहत नाही. त्या सभेच्याच फेब्रुवारीत एका दुपारी मी पाईचा डबा घेऊन वृद्धाश्रमात आर्डिसला भेटायला गेलो. ती एक्क्याण्णव वर्षांची, खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत. टीव्हीवर आमचीच टर उडवणं चाललं होतं. तिने तो बंद केला.

"मोजता येत नाही यांना," ती म्हणाली. "यंत्रं आणली, तरी."

"तुला यायचं," मी म्हटलं.

आणि काय झालं कोण जाणे, छत्तीस वर्षं घशात अडकलेलं माझ्या तोंडून निघालं. मी म्हटलं, "आर्डिस, त्या साली पान नऊवर लिहिलं होतं. मी वाचलं होतं. कर्मिटला मोजायला पाहिजे होतं. मला ठाऊक होतं आणि मी तुला सांगितलं नाही."

"पुस्तिका मीच वाटली होती, डेल्मर," ती म्हणाली. "मला काय ठाऊक नव्हतं?"

"मग का..."

"लोक म्हणाले असते, आर्डिसने नवरा आणून कोपरा भरला. स्वतःसाठी." तिने मांडीवरची शाल नीट केली. "तू हसवलंस सगळ्यांना, आणि मला लाज वाटली त्याची. त्या बुटांची, त्या वासाची. नियमाचं नाव पुढे केलं मी. नियम त्याच्या बाजूने होता."

"मी बोललो नसतो तर..."

"तू बोलला नसतास तर मीच काहीतरी काढलं असतं. तुझं तू बघ, माझं मला पुरे आहे."

आम्ही पाई खाल्ली. म्हणजे मी खाल्ली, तिने काट्याने नुसती इकडची तिकडे केली. मग ती आपण होऊन बोलायला लागली.

"अठ्ठ्याऐंशीची यादी आली ना काउंटीकडून, तिच्यात टॉलेफसन दोन होते. आर्डिस, आणि खाली कर्मिट. त्याने नाव परत बदललंच नव्हतं. चार वर्षं तो आपल्या पक्षात होता."

"विसरला असेल," मी म्हटलं.

"कर्मिट?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. "चाळीस गाईंच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर तोंडपाठ होते त्याला. त्याचे सगळे लोक वाचनालयात होते आणि तो कॅफेत त्यांची बोलणी खात होता. विसरला म्हणे."

"त्याने सांगितलं नाही तुला?"

"कर्मिट कधी काही सांगायचा का? मरेपर्यंत नाही सांगितलं. मरेपर्यंत नाव तिथेच होतं. मी बघितलं काउंटीत जाऊन." खिडकीबाहेर कोणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं. "अठ्ठ्याऐंशीच्या यादीत दोनशे दहा नावं होती. मी स्वयंपाकघरात बसून सगळ्यांना फोन केले. तीन संध्याकाळी लागल्या. तिन्ही संध्याकाळी तो समोर बसून बटाटे सोलत होता. एरवी त्याने घरात कधी सुरी हातात धरली नव्हती. मी म्हणायची, 'मी आर्डिस, सोमवारी ये,' की तो सोलायचा थांबायचा. फोन ठेवला की परत सोलायचा. यादी टेबलावरच होती, त्याला नाव दिसत होतं. मी त्याच्या नावापाशी आले आणि त्याला 'ये' न म्हणता खालच्या नावावर गेले."

मी विचारलं, "का, आर्डिस?"

"मला वाटलं," ती म्हणाली, "समोर बसलेल्या माणसाला काय बोलवायचं."